पायाने डागायच्या तोफेचं कुंकू

अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये येऊन मला छत्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी चारचौघांत मराठीतून ओरडले ती एकदाच, गेल्या ऑगस्टमध्ये, एका पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तेही एका पंच्याऐंशी वर्षांच्या अमेरिकन म्हाताऱ्यावर. "अहो, थांबा! बुडवू नका ते!" त्याला मराठीचं एक अक्षर कळत नाही. पण माझा आवाजच असा लागला होता की हातातली तारेची टोपली त्याने ग्रीस विरघळवायच्या सॉल्व्हंटच्या टाकीवर तशीच अधांतरी धरली आणि तो माझ्याकडे बघत राहिला. टोपलीत लोखंडाची एक डबी होती, जाडजूड शब्दकोशाएवढी. तिचं झाकण नुकतंच उघडलं होतं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, काळ्या, वाळून घट्ट झालेल्या ग्रीसच्या पापुद्र्याखाली बोटाच्या टोकाएवढा लाल ठिपका होता.

तो ठिपका कसला असेल हे मला बघताक्षणी वाटून गेलं. आज हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा आला आहे. पण मी अशीच बोलत सुटले तर कुणाला काही कळायचं नाही, म्हणून आधी ती शेड, ती डबी आणि माझे बाबा यांची ओळख करून देते.

शेड म्हणजे एक लहानसं खासगी संग्रहालय. दुसऱ्या महायुद्धात आमच्या या डेट्रॉइटच्या टापूतल्या मोटार कारखान्यांनी मोटारी बनवणं थांबवलं आणि रणगाडे, विमानांची इंजिनं, तोफा बनवायला घेतल्या. त्या काळातले सुटे भाग, मोजमापाची साधनं, ड्रॉइंग्ज हे सगळं म्हाताऱ्याने जन्मभर गोळा केलं. तो स्वतः टूलमेकर, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि हत्यारं बनवणारा कारागीर. मी नोकरीभर मोटारींच्या सुट्या भागांची मापं तपासली. निवृत्त झाल्यावर दोन महिने घरात बसून मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. भिंतीवरचे फोटो पाणसळ लावून सरळ केले, डब्यांची झाकणं त्या त्या डब्याला बसतात की नाही ते तपासलं. शेवटी वैतागून माझ्या मुलीनेच मला या शेडमध्ये आणून सोडलं. मुलगी इथेच जन्मलेली, जवळच्याच नोव्हाय गावात मोटारींच्या रंगाच्या लॅबमध्ये काम करते. "आई, यू नीड पीपल टू करेक्ट," असं म्हणाली. खरंच होतं. म्हाताऱ्याने लावलेल्या पाट्यांवरच्या सात चुका मी पहिल्याच शनिवारी काढल्या. तो आधी फणफणला, मग आठवी चूक त्यानेच मला दाखवली, आणि तिथून आमचं जमलं.

आता ती डबी. हिच्याविषयी मी कितीही बोलू शकते, मला कुणीतरी आवरावं लागतं. चाळीस मिलिमीटरची एक विमानविरोधी तोफ होती. जन्म स्वीडनचा. युद्धाचे ढग जमायला लागले तशी इंग्रजांनी ती घेतली, नंतर अमेरिकेनेही. पण मूळची ड्रॉइंग्ज मिलिमीटरमध्ये, आणि काही ठिकाणी तर चक्क असा शेरा की जोडणी करताना कानस मारून बसवून घ्यावे! सगळी भिस्त कारागिराच्या हातावर. इथल्या मोटारवाल्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना असा भाग हवा होता की डेट्रॉइटला बनला तरी तो दोस्त राष्ट्रांपैकी कोणाच्याही तोफेत, जगात कुठेही, कानशीशिवाय बसला पाहिजे. म्हणून त्यांनी ड्रॉइंग्ज इंचात पुन्हा काढली. एका देशाची अक्कल, दुसऱ्याचे कारखाने, तिसऱ्याचे सैनिक, आणि या सगळ्यांच्या मधे इंचाच्या हजाराव्या भागावरून चाललेली हुज्जत. लोकांना यात काय आहे असं वाटतं. मला मात्र हे ऐकताना आजही जागेवर बसवत नाही.

आणि या तोफेची खरी गंमत म्हणजे ती पायाने डागायची. तोफेवर बसलेला सैनिक पेडल दाबायचा, पायाचं शिलाई मशीन चालवतात तसं. त्या पायाचा जोर दांड्यांमधून आत जायचा आणि चापापर्यंत पोचायचा. मधे जिथे तो जोर वळवला जायचा, तिथली ही डबी. म्हाताऱ्याची आई युद्धाच्या दिवसांत कारखान्यात असल्याच डब्या जोडत होती. म्हणून त्याने त्या कुठून कुठून जमवल्या, भंगारातून, लिलावातून, इंग्लंड-कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांशी अदलाबदली करून. अकरा डब्या आहेत त्याच्याकडे. सगळ्या इथेच बनलेल्या, पण प्रत्येकीवर ती ज्या ज्या सैन्यात फिरली त्यांचे वेगवेगळे शिक्के.

आणि बाबा. युद्ध ऐन भरात असताना, अठराव्या वर्षी, ते खडकीला लष्कराच्या दुरुस्तीखान्यात उमेदवार म्हणून लागले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून मोडून आलेल्या तोफा तिथे यायच्या आणि नीट होऊन परत जायच्या. रविवारी दुपारी जेवणं झाली, सुपारी कातरून झाली की बाबांची टेप सुरू. "स्वीडनचं डोकं, अमेरिकेचं लोखंड, साहेबाचा हुकूम, आणि शेवटी बोट कोणाचं? माझं!" असं म्हणून ते बोट वर करायचे. आम्ही भावंडं एकमेकांकडे बघून हसू दाबायचो. काका तर तोंडावर म्हणायचे, "चला, दादा निघाले विमानं पाडायला." बाबा त्यांनाही हसून सामील करून घ्यायचे आणि गोष्ट पुढे न्यायचे.

त्यातली सगळ्यांत मोठी थाप, म्हणजे आम्ही जिला थाप म्हणायचो ती, खंडेनवमीची. त्या दिवशी दुरुस्तीखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. लेथ, व्हाइस, हातोडे, कानशी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. गोरा साहेब एवढं चालवून घ्यायचा. पण तोफांच्या भागांना हळदकुंकवाचा हात लागता कामा नये, अशी सक्त ताकीद होती. बाबांच्या टेबलावर नेमकी त्या दिवशी पेडलची डबी होती, दुरुस्त करून बंद केलेली. आजूबाजूच्या सगळ्या लोखंडाची पूजा झाली आणि हिचीच राहिली, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांना काम शिकवणारे मिस्त्री म्हणाले, "अरे, साहेबाचं सोड. ही पायाने दाबायची वस्तू. जिथे पाय पडणार तिथे कुंकू लावतात का?" तेही बरोबरच. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी आपण वाकून नमस्कार करतो, आणि इथे तर बुटाचा पाय, तोही मुद्दाम. मग बाबांनी काय करावं? डबीचे चारही स्क्रू पुन्हा काढले, झाकणाच्या आतल्या बाजूला कुंकवाचं एक बोट टेकवलं, वरून ग्रीसचा हात फिरवला आणि डबी बंद केली. बाहेर पायाचं राज्य, आत कुंकू. साहेबाला दिसायचं नाही आणि बूटही लागायचा नाही.

"सरकारी तोफ उघडून आत कुंकू लावलंत, आणि कुणाला पत्ता नाही?" आम्ही म्हणायचो. मी तेव्हा नुकती इंजिनिअर झाले होते आणि मला जगातलं सगळंच कळत होतं. तपासणी नावाचा प्रकार असतो बाबा, असं मी त्यांना ऐकवायची. तपासणारे अण्णा माझ्याच शेजारी बसायचे, असं ते म्हणायचे.

मग मला बघायला मंडळी आली. बाबांना नवा श्रोता मिळाला, माझे होणारे सासरे. मी आत पोहे भरत होते आणि बाहेरून स्वीडनचं डोकं ऐकू येत होतं. माझा जीव टांगणीला लागला. लोक काय म्हणतील, मुलीचा बाप थापाड्या आहे म्हणतील. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा गोष्टीतलं कुंकू लावून झालं होतं आणि बाबा पुढे सरसावून म्हणत होते, "आणि बरं का, पुढच्या वर्षी काय झालं..." मी ट्रे ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, पुरे ना आता तुमच्या थापा." मंडळी खो खो हसली. मुलगी धीट आहे, असं सासऱ्यांना वाटलं म्हणे, आणि लग्न ठरलं. बाबाही हसले, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसले.

पण त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधी काढली नाही. माझ्यासमोर नाही, भावंडांसमोर नाही, कुणासमोरच नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग मी संसारात विसरले, मग इकडे आले, आणि मग एका फेब्रुवारीत ते गेले. त्या दिवशी इथे एवढा बर्फ पडला होता की मला विमानतळावरसुद्धा जाता आलं नाही. तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनात सलत होतं. म्हणून सांगते, टोपलीतल्या त्या लाल ठिपक्यावर माझ्यासाठी एकच गोष्ट ठरणार होती. बाबा थापा मारत होते, की मी एका खऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं होतं?

त्या शनिवारी म्हाताऱ्याने अकराही डब्या उघडायला घेतल्या होत्या. पुढच्या आठवड्यात लोक बघायला येणार, म्हणून एकेकीला टाकीत बुडवून स्वच्छ करायचं चाललं होतं. मी टेबलाशी नोंदवही घेऊन बसले होते. दहावी डबी उघडताना तो पुटपुटला, "हिच्यात लाल प्रायमर लावलंय. गंजू नये म्हणून लावतात ते. निघेल टाकीत." मी नोंदवहीत 'लाल प्रायमर' लिहिण्यासाठी डबीचा क्रमांक बघायला उठले. बाहेरच्या अंगाला इथल्या कारखान्याचा शिक्का. त्याच्याखाली इंग्रज सरकारच्या मालावर असते ती बाणाची खूण. आणि त्या बाणाला चिकटून इंग्रजी आय. हा आय म्हणजे हिंदुस्थान, हे मी शेडमधल्याच एका जुन्या पुस्तकात वाचलेलं. मी झाकण उलटं करून बघितलं. तोवर त्याने डबी टोपलीत घातली, माझ्या हातातलं झाकणही घेऊन तिच्यात टाकलं आणि टोपली उचलली. तेव्हा मी ओरडले.

त्याने टोपली खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि म्हणाला, "सुरुवातीपासून सांग. इंग्लिशमध्ये." मी धापा टाकत सगळं सांगितलं. खडकी, खंडेनवमी, साहेब, मिस्त्री, पाय, बूट, कुंकू. पोह्यांचा ट्रेसुद्धा सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग टूलमेकरसारखाच बोलला. "हे प्रायमर असू शकतं, गंज असू शकतो, कुण्या पोरीची लिपस्टिकही असू शकते. वडील आवडतात म्हणून तू माप वाढवून लिहिणार आहेस का?"

जिव्हारी लागलं. पण मी माझ्या नोकरीत कुणाच्या बापासाठी माप वाढवून लिहिलं नव्हतं, मग माझ्या बापासाठी तरी कशी लिहू? मी मुलीला फोन लावला. "रंगाचं कसलं तरी टेस्टिंगचं सामान असेल ते घेऊन आत्ता ये," म्हटलं. "आई, इट्स सॅटर्डे यार," एवढं बोलून ती चाळीस मिनिटांत हजर झाली. मी तोवर शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि झाकणाला कुणी हात लावू नये म्हणून त्याच्यावर माझी ओढणी टाकून ठेवली होती.

मुलगी घाईघाईने आत आली आणि दाराजवळच्या ड्रॉइंग्जच्या खोक्याला तिचा पाय लागला. ती पटकन वाकली, खोक्याला हात लावून कपाळाला लावला आणि सरळ माझ्याकडे आली. म्हाताऱ्याने ते बघितलं. "तुझी आईपण हे करते. मला वाटायचं तिची पाठ दुखते. काय आहे हे?"

"आय डोन्ट नो," मुलगी म्हणाली. "कागदाला पाय लागला ना. वी जस्ट डू इट."

"हेच!" मी जवळजवळ उडीच मारली. "हेच ते! म्हणून आतून!"

म्हातारा मुलीच्या पायांकडे बघायला लागला, मग झाकणाकडे, मग पुन्हा तिच्या पायांकडे. त्याने भिंग शोधून काढलं आणि दिवा जवळ ओढला. ग्रीसचा पापुद्रा मुलीने हलक्या हाताने बाजूला केला आणि सुईच्या टोकावर लाल भुकटीचे तीन कण घेतले. तीनच. बाकी ठिपक्याला धक्का लावायचा नाही, असं तिने आम्हा दोघांनाही बजावलं.

"कुंकू हळदीचं असतं ना?" तिने विचारलं. "मग इझी आहे. टर्मरिकचा कलर अ‍ॅसिडने चेंज होतो. रेड असेल तर यलो होईल. लिंबू आहे?" माझ्या डब्यात पोहे होते, त्यांवर लिंबाची फोड होतीच. पांढऱ्या पुठ्ठ्यावरच्या पहिल्या कणावर तिने थेंब पिळला. आम्ही तिघं वाकून बघत होतो, डोकी एकमेकांना लागत होती. कण लाल. एक मिनिट गेलं. लाल. आणखी एक थेंब. लालच!

मला फार वाईट वाटलं. मुलगी म्हणाली, "सॉरी, आई." म्हाताऱ्याने पेन्सिल उचलली आणि नोंदवही स्वतःकडे ओढली. लाल प्रायमर. मी त्या लिंबाच्या फोडीकडे बघत होते. आणि एकदम मला बाबांचा सदरा आठवला.

पांढरा सदरा. दसऱ्याला कुणीतरी कुंकू लावताना खिशावर सांडलेलं. आई नव्हती घरी, म्हणून मी शहाणपणा करून तो डाग धुण्याच्या सोड्याने घासला होता आणि लाल डाग माझ्या डोळ्यांदेखत काळपट हिरवा झाला होता. आई आल्यावर मला जे बोलणं बसलं ते मला शब्दन् शब्द आठवलं. "कुंकवाच्या डागाला सोडा लावतात का गं? कुंकू लिंबाच्या रसातच तयार होतं. हळकुंडं, लिंबू आणि टाकणखार!" टाकणखार म्हणजे तो पांढरा खार, सोनार वापरतात तो. म्हणजे या कुंकवाने आधीच पोटभर लिंबू प्यायलं होतं. त्याला आणखी लिंबाने काय होणार, कपाळ?

"उलटं!" मी ओरडले, या वेळी इंग्लिशमध्ये. "लिंबू नको, सोडा! अल्कली हवी!"

मुलीचे डोळे चमकले. "टाकणखार म्हणजे बोरॅक्स? ओ माय गॉड. बोरॉन असेल तर अमोनिया! आई, यू आर अ जीनियस!" अमोनिया म्हाताऱ्याकडे गॅलनभर होता, काचेच्या कपाटांसाठी. या वयात तो पळू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मुलीने आधी शेजारच्या डबीवरच्या गंजाला थेंब लावला. काही नाही. मग टाकीतून काढूनही चौथ्या डबीच्या सांध्यात उरलेल्या खऱ्याखुऱ्या लाल प्रायमरला. काही नाही. मग पुठ्ठ्यावरच्या दुसऱ्या कणाला.

तो कण डोळ्यांदेखत काळवंडला. लालाचा जांभळट झाला, जांभळ्याचा काळपट हिरवा, अगदी बाबांच्या खिशावरचा तो हिरवा!

पुढची दोन मिनिटं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मुलगी "शट अप! शट अप!" म्हणत टेबलावर हात आपटत होती. म्हातारा "पुन्हा कर, पुन्हा कर," म्हणत होता. तिसऱ्या कणावर पुन्हा केलं आणि पुन्हा हिरवा. मी हसत होते, रडत होते आणि कुणाला तरी मिठी मारायची म्हणून ज्याला मारली तो म्हातारा निघाला, सॉल्व्हंटच्या वासाचा. ऐंशीहून जास्त वर्षं! या टापूतून निघालेलं लोखंड खडकीला गेलं, तिथून आघाडीवर, तिथून कुठल्या देशात, कुणाच्या कोठारात, आणि फिरून पुन्हा इथे आलं. दर वेळी कुणाचा ना कुणाचा बूट त्या पेडलवर पडला असेल. आणि आत, त्या बुटापासून चार स्क्रू लांब, आमच्याकडचं कुंकू जसंच्या तसं होतं.

थोडं शांत झाल्यावर मीच म्हाताऱ्याला म्हणाले, की हे बोट माझ्या वडिलांचंच असं मी लिहिणार नाही. त्या दुरुस्तीखान्यात शेकडो माणसं होती. मिस्त्रींनी तसं दुसऱ्या कुणालाही सांगितलं असेल. तपासणारे अण्णाही असतील. माप तेवढंच लिहायचं, जेवढं मिळालं.

"पण तो खोटं बोलत नव्हता," म्हातारा म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. एवढा एक शब्द उच्चारायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.

त्याने उरलेली अकरावी डबीही टाकीत बुडवली आणि ही एकटी न बुडवता, झाकण उलटं ठेवून, काचेच्या कपाटात मधोमध मांडली. मग माझ्यापुढे एक कोरं कार्ड ठेवलं. "शिक्के आणि अमोनियाचं मी दुसऱ्या कार्डावर लिहितो. या कार्डावर तुझ्या वडिलांची गोष्ट लिही. त्यांनी सांगितली तशी, सगळी." मागच्या खणात त्याच्या आईच्या कॅसेट होत्या, त्यांच्याकडे त्याने बोट दाखवलं. आई जेवायच्या टेबलावर कारखान्याच्या गोष्टी सांगायची तेव्हा हा समोर टेपरेकॉर्डर लावून बसायचा. मी त्यातल्या काही ऐकल्या आहेत. आई जरा थांबली की मागून त्याचा तरुणपणचा आवाज येतो, "मग? मग काय झालं?" आणि ती पुन्हा सुरू होते.

मी लिहायला बसले. मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती, आणि जिथे माझं इंग्लिश अडखळत होतं तिथे मी मराठीत बोलत होते आणि ती ते जुळवून देत होती. स्वीडनचं डोकं आलं, अमेरिकेचं लोखंड आलं. मिस्त्री आले, बूट आला, चार स्क्रू आले. कुंकवाचं बोट टेकलं, ग्रीसचा हात फिरला, डबी बंद झाली. हे सगळं मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की हात आपोआप चालत होता. आणि त्याच ओघात मी पुढचं वाक्यही लिहून गेले. आणि पुढच्या वर्षी काय झालं...

पेन्सिल थांबली.

"सो?" मुलगी म्हणाली. "पुढच्या वर्षी काय झालं? आजोबांनी काय सांगितलं?"

म्हाताराही हातातलं फडकं ठेवून माझ्याकडे बघायला लागला. बाबांकडे ऐकायला बसावं तशी ती दोघं मान पुढे करून वाट बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "ते सांगणार होते. मी पुरे म्हटलं."

म्हाताऱ्याने नंतर दोनदा सुचवलं की ते शेवटचं वाक्य काढून टाकू, कार्ड नीट पुरं होईल. मी काढू दिलं नाही. आता दर शनिवारी मी त्या कपाटाशी उभी असते. लोक कार्ड वाचतात, शेवटच्या ओळीपाशी थांबतात आणि वळून मला विचारतात की पुढच्या वर्षी काय झालं. मी त्यांना पोह्यांचा ट्रे सांगते.